नंबर लागला, पण कागद कुठं आहेत?



पोरगी बी.एस्सी. झाली की निम्म्या घराला वाटतं, सुटलो एकदाचे. मार्क चांगले आहेत, आता एम.एस्सी.ला जाईल आणि नाव घालील. तसं होत नाही बरं का. पदवीनंतरच्या प्रवेशाला मार्कांनी अडलेल्या मुलांपेक्षा कागदांनी अडलेली मुलं मी जास्त पाहिली. म्हणून आजचं लिहिणं मुलांसाठी नाही, तुम्हां आईबापांसाठी आहे.

सोलापूर जिल्ह्याचंच घ्या. तिथली कॉलेजं पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. पंढरपूरला बी.एस्सी. व्हायचं आणि कोल्हापूरला पुढं शिकायला जायचं, म्हणजे त्याच वाड्यात ओसरीवरून माजघरात जाण्यासारखं होतं. 2004 साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं. विद्यापीठ जवळ आलं हे चांगलंच झालं. पण कोल्हापूर त्या दिवसापासून परकं झालं. आता तिथं जायचं तर सोलापूरहून मायग्रेशन सर्टिफिकेट आणा, म्हणजे 'हा विद्यार्थी आमच्याकडून गेला' असा दाखला. मग तिकडं एलिजिबिलिटीचा अर्ज, म्हणजे 'याला घेता येईल का' याची तपासणी. शिवाय कॉलेजचा टी.सी., आणि लायब्ररीचं एखादं पुस्तक घरी राहिलं असेल तर तोही अडतो.

दोन्ही विद्यापीठं एकाच राज्याच्या कायद्यानं चालतात. एकमेकांना पत्र धाडायला कुणाची ना आहे? पण टपाल वाहायचं तुमच्या पोरानं. खिडकीतला माणूस सहज 'उद्या या' म्हणतो. उद्याच्या एसटीचं तिकीट त्याला काढायचं नसतं.

बरं, उशीर नेहमी पोरांचाच असतो असंही नाही. 2017 साली मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचा घाट घातला, तोही पुरेशी तयारी न करता. परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत निकाल लावावा असा कायदा आहे. राज्यपालांनी 31 जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या खेड्यांतली मुलंही याच विद्यापीठाची. हातात गुणपत्रक नाही आणि पुढच्या प्रवेशाच्या तारखा निघून चालल्या, अशी त्यांची गत झाली. ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून काढलं. पण ज्यांचं वर्ष गेलं, त्यांना ते परत कोण देणार?

आता तुमच्या हातातलं सांगतो. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त वर्गांतल्या मुलांना नॉन-क्रीमी लेयरचा दाखला लागतो. त्याची मुदत 31 मार्चला संपते. गेल्या साली काढलेला दाखला घेऊन पोरगं जूनमध्ये उभं राहतं आणि तिथंच गाडी अडते. तो आधी उलटून तारीख बघा. आणि एक गोष्ट पाटीवर लिहून ठेवा: 2017 पासून उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे, पण शेतीचं उत्पन्न आणि पगार त्या आठ लाखांत धरत नाहीत. जमीन किती, याचा निकष वेगळा आहे. कुणी द्राक्षाच्या किंवा उसाच्या पैशावर बोट ठेवून दाखला नाकारू लागला तर गप्प परत येऊ नका. नकाराचं कारण लेखी मागा. जातपडताळणीचं प्रकरण तर पदवीच्या दुसऱ्या वर्षीच टाकून द्यावं, कारण आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायलाच महिना जातो.

महसुलाच्या दाखल्यांना 2015 चा लोकसेवा हक्क कायदा लागू आहे. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा, याचा फलक कचेरीत लावलेला असायला हवा. दिवस उलटले तर अपील करता येतं. अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी दिलेल्या अर्जाची कुणी आठवण ठेवत नाही.

मूळ कागद मात्र कुठंही ठेवून येऊ नका. ते पाहून लगेच परत करावेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं 2018 मध्ये सगळ्यांना कळवलेलं आहे. कॉलेजनं मूळ गुणपत्रक अडकवलं, तर दुसरीकडं चांगल्या जागी नंबर लागूनही पोराला हलता येत नाही.

आता जरा घरातलं बोलू. मुलाचं वर्ष कागदापायी गेलं तर तो शेतावर येतो, 'पुढल्या साली बघू' म्हणतो, आणि कुणी काही बोलत नाही. मुलीचं वर्ष गेलं की तुळशीचं लग्न झाल्या झाल्या पाहुणे दारात येतात. मग कोण काढतंय मायग्रेशन? दादा, तुम्ही मनातून तिला शिकवायला तयार असता, हे मला माहीत आहे. पण एका दाखल्यासाठी तीन हेलपाटे झाले की तुमच्याच तोंडून निघतं, 'जाऊ दे आता.' पेरणीच्या धांदलीत ते शब्द सहज निघून जातात. ती मात्र ते ऐकून आत चुलीपाशी जाते आणि पुन्हा विषय काढत नाही. हे दाखले मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी काढून ठेवले, तर ती पाळी येत नाही. तालुक्याला बी-खत आणायला जाता, त्याच फेरीत तिला बरोबर घ्या. सह्या तिच्या लागतात आणि कुठली खिडकी कुठं हेही तिला कळतं.

शिष्यवृत्तीच्या अर्जांची आणखीच वेगळी तऱ्हा आहे. ती पुढच्या आठवड्यात.