मातीचा हिशेब

रब्बीचे पीक निघाले, रान मोकळे झाले की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. यंदा युरिया किती, डीएपी किती आणि पैसे कुठून आणायचे? उधारीवर घेतलेल्या खताच्या गोण्यांचे ओझे मग वर्षभर घरावर राहते. म्हणून या महिन्यात आम्ही खताबद्दल नव्हे, तर ते ज्या मातीत पडते तिच्याबद्दल बोलणार आहोत.

सरकारने 19 फेब्रुवारी 2015 रोजी मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. या पत्रिकेत 12 गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पुष्कळ घरांत ही पत्रिका सातबाऱ्याच्या पिशवीत घडी घालून पडलेली असते. ती बाहेर काढा, पण एक गोष्ट ध्यानात घ्या. योजनेच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत बागायतीत अडीच हेक्टरला आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना घेतला जात असे. म्हणजे पत्रिकेवर नाव आपले असले तरी माती शेजारच्या रानातली असू शकते. त्यामुळे आपला नमुना आपणच घेऊन प्रयोगशाळेत द्यावा, हे उत्तम.

नमुना घेणे अवघड नाही. बांध, झाडाची सावली, विहिरीचा काठ आणि शेणखताच्या ढिगाची जागा सोडा. नागमोडी चालत एकरात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्या. त्याच्या कडेची दोन बोटे जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडा. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. माती सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. खताची रिकामी गोणी वापरू नका, आकडे चुकतील. काळी भारी आणि मुरमाड जमीन एकाच बांधात असेल तर दोन वेगळे नमुने द्या.

अहवाल आला की आधी स्फुरद पाहा. डीएपीच्या 50 किलोच्या गोणीत 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद असते. जमिनीत स्फुरद आधीच भरपूर असेल तर तेवढ्या गोण्या कमी करता येतात आणि उधारीही तेवढी कमी होते. नंतर सामू पाहा. मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तो बहुधा आठच्या आसपास असतो, तर कोकणच्या जांभ्या मातीत सातच्या खाली. चुलीची राख कोकणातल्या भाजीच्या वाफ्याला मानवेल, पण चुनखडीच्या रानात ती टाकून उपयोग नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा आकडा सेंद्रिय कर्बाचा. त्याच्यावरच मातीतले जीव जगतात, पाणी धरून राहते, ढेकूळ भुसभुशीत होते. पण हा आकडा सावकाश हलतो. एका एकरातल्या वरच्या वीतभर मातीचे वजन साधारण आठ-नऊ लाख किलो भरते. कर्ब 0.1 टक्क्याने वाढवायचा तर आठ-नऊशे किलो निव्वळ कर्ब मातीत टिकायला हवा. शेणखतातला बराचसा कर्ब जिवाणू खाऊन हवेत सोडतात. म्हणून एका वर्षात फरक दिसला नाही तरी धीर सोडू नये. दर तीन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच जागेची माती तपासावी.

उसाचे पाचट पेटवून देणे म्हणजे हाच कर्ब जाळणे होय. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. सरीत पसरलेल्या दर टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर कंपोस्ट जिवाणू टाकले की ते जागीच कुजते.

दोन तपासण्या घरची मुलेही करू शकतील. वाळलेले लहान ढेकूळ काचेच्या ग्लासात पाण्यात अलगद ठेवा. लगेच विरघळून गाळ झाला तर माती अशक्त, टिकून राहिले तर बरी. पावसाळ्यात ओलीत फूटभर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन गांडुळे मोजा. दोन्ही गोष्टी तारखेसह वहीत लिहा.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्या कितीतरी घरांत सातबाऱ्यावर भाऊ-बहिणी सगळ्यांची नावे असतात. एक भाऊ गावी कसतो, बाकीचे मुंबईत किंवा आखातात. काही ठिकाणी जमीन वर्षावर्षाच्या बटईने जाते. पुढच्या वर्षी रान आपल्याकडे राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो शेणखताच्या गाड्या का टाकील? दोष कसणाऱ्याचा नाही, बोलीचा आहे. बटई निदान तीन वर्षांची करा, शेणखताचा खर्च निम्मा-निम्मा ठरवा आणि कागदावर लिहा. बाहेर राहणाऱ्या हिस्सेदारांनी उत्पन्नाचा वाटा मागताना मातीच्या खर्चातही वाटा उचलावा. बहिणीचा हिस्सा तिला देताना किती गुंठे दिले एवढेच पाहू नये, माती कशी दिली तेही पाहावे. रोड झालेले रान तिच्या वाट्याला टाकणे हा न्याय नव्हे.

ईदला सगळे गावी जमतील तेव्हा सातबाऱ्याबरोबर मातीचा अहवालही दस्तरखानाभोवती एकदा सगळ्यांसमोर वाचावा, एवढीच आमची विनंती.