शोणाचं काय?

दोस्तहो, 'मृत्युंजय' वाचलीच पाहिजे, असं जुन्नर-आंबेगावात आजवर दहाजणांनी तरी सांगितलं असेल. मास्तर सांगतात, एस.टी.त शेजारी बसलेला सांगतो. वर पुन्हा खांद्यावर हात : "कर्ण म्हणजे तुमचाच की रे!" घोडेगावच्या खोलीत रात्र-रात्र जागून वाचली. सरळ सांगतो, फसलो.

शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ ची. १९९४ साली तिला मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला. भाषा भरजरी, कबूल. सूर्य, गंगा, तेज, कवच, कुंडलं. नुसता झगमगाट. पण झगमगाटाला आम्ही भुलायचं किती?

भर आखाड्यात कर्णाला कूळ विचारतात. तिथं आपलं रक्त उसळतं. कारण खोली भाड्यानं घेताना आपल्यालाही विचारतातच, "आडनाव काय?" पण थांबा. कर्ण मुळात सूत आहेच कुठं? तो कुंतीचा, सूर्याचा. मग रडारड कसली? तर क्षत्रियाला चुकून सूत समजले याची! म्हणजे खऱ्या सूताला हाकललं असतं तर चाललं असतं?

तो खरा सूत कादंबरीतच आहे. शोण. अधिरथ-राधेच्या पोटचा. एकाच घरात वाढला, एकाच चुलीचं खाल्लं. याच्या अंगावर कवच नाही, कानात कुंडलं नाहीत. लेखकानं त्याला बोलायला दिलं, तर तोही भावाच्या तेजाचीच आरती ओवाळतो. साला, स्वतःचं काहीच नाही?

कुणी म्हणेल, कर्णानं कृष्णाला नकार दिला, राधेलाच आई मानलं. मानलं, मोठी गोष्ट. पण राज्य नाकारायला ते आधी कुणीतरी समोर आणून ठेवावं लागतं. शोणाला विचारायला कोण आलं होतं?

याच्या चार वर्षं आधी, १९६३ ला, बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' आलं. तिथंही जन्म झाकलेला आहे. पण तो उघडा पडतो तेव्हा पायाशी राज्य येत नाही, पाठीवर मार पडतो. कर्णाचं गुपित वर नेतं, आमचं गुपित खाली आपटतं. एवढा फरक ज्याला दिसत नाही, त्यानं कर्ण आमच्या गळ्यात बांधू नये.

हा रोग एकट्या मराठीचा नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये रानोमाळ भटकणारा ॲरागॉर्नही शेवटी राजाचाच वारस निघतो. चिंध्या घातलेल्या माणसात काही दम दिसला, की रक्त राजाचंच असणार!

आता जुन्नरची लेणी बघा. तिथल्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची श्रेणी आहे. संघाला दिलेल्या दानाची ठेव त्यांच्याकडे ठेवत, एवढी त्यांची पत. दगडात कोरलंय, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. त्यातला कुणीही सूर्याचा पोर नाही. बांबू सोलणारे हात, बस्स.

म्हणून म्हणतो, आपल्या रक्तात लपलेला राजा शोधू नका. असला तरी नको. अधिरथाचा पोर म्हणूनच ताठ उभा राहणारा माणूस पाहिजे. त्याची कादंबरी अजून यायचीय. दोस्तहो, शोणानं आता स्वतःबद्दल बोलावं.