पॉलिसीतल्या घरात मामा असतो का?

पूर्वी आपल्या भागातल्या घरांचा प्रवास म्हणजे पंढरपूर, सौंदत्ती, गोकर्ण, फार तर तिरुपती. ऐनवेळी बेत बदलला तर नुकसान व्हायचे ते बांधलेल्या दशम्यांचे. आता मंडळी मुंबई किंवा बंगळूर गाठून सिंगापूर, दुबई, युरोपला जातात. पैसे चार-सहा महिने आधी भरावे लागतात आणि निघायची तारीख जवळ येईल तशी ते परत मिळण्याची आशा कमी होत जाते. म्हणूनच बुकिंग झाले की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, "विमा काढलात ना?" उत्तर बहुधा "हो, काढलाय" असेच येते. पण सहल रद्द झाली तर त्या विम्यातून पैसे मिळतील का, असे मी विचारले की नवरा-बायको एकमेकांकडे पाहू लागतात.

कारण आपण काढतो त्या पुष्कळशा विम्यांत ही सोय नसते. रेल्वेचे तिकीट ऑनलाइन काढताना माणशी ४५ पैशांत मिळणारा विमा हा अपघाताचा विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख आणि जखमी झाल्यास रुग्णालयाच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत अशी त्याची रचना आहे. तुम्ही प्रवासच रद्द केलात तर त्यातून काही मिळत नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा विमा सक्तीचा असतो, पण ती सक्ती तिकडचे औषधोपचार आणि माणसाला मायदेशी परत आणण्याचा खर्च यांपुरती असते. व्हिसापुरती सर्वांत स्वस्त पॉलिसी घेतली, तर सहल रद्द होण्याचे कलम त्यात असेलच असे नाही. तिकीट विकणारे थोडे जादा पैसे घेऊन "रद्द केल्यास पूर्ण परतावा" देतात, तोही बहुधा त्या एका तिकिटापुरता असतो. हॉटेल आणि सहल कंपनीचे पैसे त्यात येत नाहीत.

कलमाचा अर्थ काय?

सहल रद्द होण्याचे कलम निघण्यापूर्वीच्या काळासाठी असते. सहल अर्धवट सोडून परत यावे लागले तर त्याचे कलम वेगळे असते, तेही आहे ना ते पाहावे. या कलमातून भरलेली सगळी रक्कम मिळत नाही. कंपनी, हॉटेल किंवा विमानसेवा जेवढी परत करणार नाही तेवढीच मिळते, आणि तीही मर्यादेपर्यंत. समजा, चौघांच्या सहलीचे ८ लाख भरले आणि नियमाप्रमाणे सहल कंपनीने त्यातले ४ लाख कापले. पॉलिसीत मर्यादा माणशी ५० हजार असेल तर जास्तीत जास्त २ लाख मिळतील. त्यातूनही सुरुवातीची काही रक्कम आपण सोसायची अशी अट असते. म्हणून पॉलिसीच्या पहिल्या पानावर मोठ्या आकड्यात छापलेली रक्कम पाहून हुरळू नये. ती औषधोपचाराची असते. रद्द होण्याच्या कलमासमोरचा आकडा वेगळा आणि पुष्कळ लहान असतो.

घरचे म्हणजे कोण?

पैसे मिळतात ते पॉलिसीत लिहिलेल्या कारणांसाठीच. स्वतःचे गंभीर आजारपण, घरच्या जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होणे, नैसर्गिक आपत्ती अशी ती यादी असते. माझ्या मते आपल्या दुभाषी घरांनी सर्वांत बारकाईने वाचायचे ते "जवळचे माणूस" या शब्दांचे स्पष्टीकरण. पुष्कळ पॉलिसींत ते पती-पत्नी, मुले, आईवडील, भाऊ-बहीण आणि सासू-सासरे एवढ्यावर थांबते. काहींत यादी याहून लहान असते, काहींत मोठी.

आता आपले घर बघा. कन्नडात थोरल्या चुलत्याला दोड्डप्पा म्हणतात, म्हणजे थोरला बाप. घरात त्याचा मान बापाचाच, पण पॉलिसीच्या आईवडिलांत तो बसत नाही. 'माव' हा शब्द मामालाही आहे आणि सासऱ्यालाही, तसाच 'अत्ते' हा आत्यालाही आणि सासूलाही. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल असल्याने अनेक घरांत ही दोन नाती एकाच माणसात असतात. विमा कंपनीच्या दृष्टीने मात्र सासरा आत आणि मामा बाहेर, असे होऊ शकते. तेव्हा क्लेमच्या अर्जात "माव वारले" एवढे न सांगता पत्नीचे वडील की आईचा भाऊ ते स्पष्ट लिहावे. दोन्ही नाती असतील तर पॉलिसीत बसणारे नाते कागदपत्रांनिशी दाखवावे.

सुतकाचेही तसेच. ज्या घरांत ते पाळतात तिथे चुलत घराण्यात कोणी गेले तरी दहा दिवस देवदर्शनाला जात नाहीत. काशीयात्रेची तिकिटे वाया जातात. पॉलिसीच्या यादीत सुतक नसते, चुलत चुलता तर नसतोच. अचानक ठरलेले लग्न, पुढे गेलेली परीक्षा, नामंजूर झालेली रजा यांनाही बहुधा थारा नसतो. व्हिसा नाकारला गेल्यास पैसे हवे असतील तर ते कलम आहे का हे वेगळे विचारावे लागते.

घेण्यापूर्वी

पहिली मोठी रक्कम भरली की लगेच पॉलिसी घ्यावी. वादळाचा इशारा आल्यावर किंवा वडिलांना दवाखान्यात नेल्यावर काढलेला विमा त्या कारणासाठी उपयोगी पडत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचा बीपी, शुगर, हृदयविकार लपवू नये. जुन्या आजारामुळे सहल रद्द झाली तर संरक्षण आहे का, हे एजंटाकडून लेखी घ्यावे. विमानकंपनीच बंद पडली तर काय, हेही विचारावे. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ ला थांबली आणि गो फर्स्टची ३ मे २०२३ ला, तेव्हा प्रवाशांचे पैसे अडकून पडले. २०२० च्या कोरोनाकाळानंतर साथरोगाबद्दल पॉलिसीत काय लिहिले आहे, तेही वाचावे.

प्रसंग आलाच तर आधी बुकिंग ताबडतोब रद्द करावे, कारण उशिराने वाढलेले नुकसान कंपनी देईलच असे नाही. किती पैसे कापले याची लेखी पावती घ्यावी. दवाखान्याचा किंवा महापालिकेचा दाखला कन्नडात असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर जोडावे. एका कागदावर आडनाव, दुसऱ्यावर वडिलांच्या नावाचे आद्याक्षर, असा घोळ आपल्या सीमाभागात नेहमीचा आहे. पासपोर्टवरचे आणि दाखल्यावरचे नाव जुळते का, ते आधीच पाहून ठेवावे.

क्लेम नाकारला तर प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी एक वर्षाची मुदत असते. फी नाही आणि वकीलही लागत नाही. कर्नाटकात राहणाऱ्यांसाठी हे कार्यालय बंगळूरला आहे. पॉलिसी कोल्हापूरच्या एजंटाकडून घेतली असली तरी बेळगावकराला आपल्या पत्त्यावरून बंगळूरकडे तक्रार करता येते.

पंढरपूरच्या दोन दिवसांसाठी एवढा खटाटोप नको. पण बुडाली तर वर्षभर टोचत राहील एवढी रक्कम आगाऊ भरणार असाल, तर एक संध्याकाळ काढा. एका कागदावर घरातली अशी माणसे लिहा की ज्यांचे काही बरेवाईट झाले तर तुम्ही प्रवासाला निघणारच नाही. तो कागद एजंटासमोर ठेवा आणि यातली कोण पॉलिसीत बसतात ते विचारा. तीन कंपन्यांची उत्तरे घ्या, हप्त्याचे आकडे नंतर पाहा.