विम्याचे कार्ड आणि कानाचा डॉक्टर



‘विमा आहे, मग चिठ्ठी कशाला?’ हा मागील अंकातील पत्राचा सूर अर्धाच बरोबर आहे. खडोलीच्या ज्या कामगाराच्या पगारातून ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) ०.७५ टक्के कापले जातात, त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायला आधी ईएसआय दवाखान्याची चिठ्ठी लागते. तातडीच्या प्रसंगाची गोष्ट वेगळी. आयुष्मान भारतचे वर्षाचे ५ लाख भरती झालेल्या रुग्णासाठी, नुसत्या तपासणीसाठी नव्हेत. (कान ठणकला म्हणून कोण भरती होतो?)

खाजगी पॉलिसीतही बहुधा हीच गत.

पत्रलेखकाने महत्त्वाचे मात्र सोडूनच दिले. यंत्रांच्या गोंगाटाने आलेला बहिरेपणा २०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा, १९४८च्या तिसऱ्या अनुसूचीत होता. असा रुग्ण आढळल्यास त्या कायद्यानुसार उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला लेखी कळवायचे असे.

— एक वाचक, खडोली