एका वितीची पिल्ले आणि अनुकरणाचा भ्रम

एकाच वितीची, म्हणजे एका कुत्रीने एका वेळी दिलेली, तीन-चार पिल्ले घरात वाढवणाऱ्यांत असे एक मत रूढ आहे, की त्यांतील एका चुणचुणीत पिल्लाला शी-शूची जागा नीट लावून दिली की उरलेली त्याचे पाहून शिकतात. हा पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. आठ आठवड्यांची पिल्ले मोठ्या कुत्र्याला किंवा माणसाला पाहून खोके उघडायला शिकतात, हे बुडापेस्टच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवून दिले आहे. परंतु खोके उघडणे ही युक्ती असल्याने ती पाहून उचलता येते. मूत्राशय भरल्याची जाणीव मात्र ज्याची त्यालाच होते, आणि ती होताच ठरल्या जागी जाण्याची सवयही ज्याच्या त्याच्या अंगी मुरावी लागते.

जन्मानंतर सुमारे तीन आठवडे पिल्लाचे मलमूत्रविसर्जन आईच्या चाटण्यावर अवलंबून असते, पुढे ते निजण्याची जागा सोडून बाजूला जाऊ लागते, आणि साधारण साडेआठ आठवड्यांच्या सुमारास ठरावीक जागा धरते, असे स्कॉट व फुलर यांनी कुत्र्यांच्या वर्तनावरील 1965 च्या ग्रंथात नोंदवले आहे. वर्तमानपत्र, माती की फरशी, ही पायांखालच्या पृष्ठभागाची आवडही याच वयात पक्की होत जाते. एकाने केले तेथेच दुसऱ्याने केले, याला पूर्वपक्ष अनुकरण म्हणतो. पण ते बहुधा वासाचे आमंत्रण असते, आणि सोफ्यामागच्या कोपऱ्यातला वासही तेच आमंत्रण तितक्याच आपुलकीने देतो. फिनेलने तो माणसाच्या नाकापुरता झाकला जातो. मूत्रातील घटकांचे विघटन करणारी विकरे असलेले द्रावणच तेथे उपयोगी पडते.

नाक घासण्याच्या शिक्षेविषयी फार बोलण्याचे कारण नाही, कारण तीन पिल्लांत गुन्हेगार कोण हेच मुळात ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी पिल्लू त्यातून माणसासमोर शू न करता लपून करण्याचाच धडा घेते.

तिन्ही पिल्ले एकदम गच्चीवर सोडली, की ती एकमेकांचे कान ओढण्यात आल्याचे कारण विसरतात आणि आत येताच त्यांतले एक पायपुसण्यावर बसते. म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची फीत, प्रत्येकाची वेगळी वाटी, आणि झोपेतून उठल्यावर व खाल्ल्यावर, जठर भरताच मोठ्या आतड्याला चालना मिळत असल्यामुळे, एकेकाला नेऊन ते मोकळे होईपर्यंत थांबणे व तत्क्षणी शाबासकी देणे, हीच रीत ग्राह्य ठरते; इतरांनी तोवर जाळीच्या आवारात थांबावे. दोन महिन्यांचे पिल्लू दिवसा जेमतेम दोन तास धरू शकते, हे लक्षात घेता इतका वेळ कोणाकडे असतो, हा आक्षेप मात्र खराच आहे, आणि ज्या घरातील माणसे सकाळी कुलूप लावून संध्याकाळी परततात, त्या घराने तीन पिल्ले एकदम आणू नयेत.