हातातली प्रत आणि परक्याची परवानगी

पैसे मोजले की वस्तू आपली झाली, हा बाजाराचा साधा नियम आहे. भांडे घेतले, सायकल घेतली, पुस्तक घेतले, तर दुकानदार दुसऱ्या दिवशी दारात येऊन ते परत नेऊ शकत नाही. परंतु व्हिडिओ गेमच्या बाजारात हा नियम मोडीत निघाला आहे. तिथे खरेदीचे बटण दाबून पैसे घेतले जातात आणि हाती पडते ती केवळ वापरण्याची परवानगी. तीही कंपनीची मर्जी असेल तोवर. गेम हा पोरांचा विषय, त्यावर चळवळीच्या दैनिकात कशाला लिहायचे, असे कुणी विचारील. पण मालकी कुणाची आणि परवानगी कुणी कुणाला द्यायची, हा प्रश्न ज्या समाजाने पाण्यासाठी, जमिनीसाठी आणि शिक्षणासाठी सोसला, त्याला तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

सांगलीला खेटून असलेल्या माधवनगरसारख्या गावात पंधरा-वीस वर्षांपूर्वी गेम म्हणजे सीडी होती. एकाने आणली की ती गल्लीभर फिरायची. खेळून झाली की दुसऱ्याला द्यायची, त्याच्याकडची आपण घ्यायची, नाहीतर निम्म्या किमतीला विकून नवी आणायची. त्यात नकली सीडी पुष्कळ असत, हे नाकारण्यात अर्थ नाही आणि नकलेचे समर्थन करण्याचेही कारण नाही. पण अस्सल सीडीसुद्धा अशीच हातोहात फिरायची आणि त्यात गैर काहीच नव्हते. शालेय पुस्तके, गणवेश, सायकल, टीव्ही हे सारे गरिबाच्या घरात आधी जुने म्हणून येते. जुना बाजार ही गरिबाची सोय असते. एका प्रतीवर दहा घरे भागतात.

नव्या व्यवस्थेने नेमकी हीच सोय काढून घेतली आहे. २००३ साली अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने ‘स्टीम’ नावाचे ऑनलाइन दुकान सुरू केले आणि संगणकावरच्या गेमची सीडी हळूहळू नाहीशी झाली. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सही त्याच वाटेने गेले, डिस्क घालण्याची सोयच नसलेली यंत्रे बाजारात आली. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडोच्या ‘स्विच २’ या यंत्रासाठी तर अशी कार्डे विकली जातात की ज्यांत गेमच नसतो. कार्ड केवळ किल्लीचे काम करते, गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. स्टीमच्या करारात स्पष्ट लिहिले आहे की गेम विकला जात नाही, त्याचा परवाना दिला जातो. खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. म्हणजे बापाने हजारो रुपये घालून जमवलेले गेम मुलाला वारशाने मिळत नाहीत.

आता हिशेब पाहा. आजचे मोठे गेम शंभर जीबीच्या घरात गेले आहेत. मोबाइलवर रोज दोन जीबीचा पॅक मारणाऱ्या घरात असा एक गेम उतरवायचा तर पन्नास दिवस दुसरे काहीच करता येणार नाही. ज्याच्या घरी ब्रॉडबँड आहे, खिशात कार्ड आहे आणि नवी किंमत मोजायची ताकद आहे, त्याच्यासाठी हे सोयीचे आहे. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याला पूर्वी मित्राची सीडी तरी मिळत होती. त्याला आता दारच उरले नाही. सोय एकाची आणि बंदी दुसऱ्याची, अशी ही प्रगती आहे.

परवानगी काढून घेतली जाते म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला. लोकांनी तो पैसे देऊन घेतला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि गेम सर्वांसाठी संपला. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचीही डिस्क निकामी झाली, कारण सर्व्हरशी जोडल्याशिवाय तो चालतच नव्हता. दुसरे उदाहरण आपल्या घरातले आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला भारतातील खेळाडूंसाठी त्याचे सर्व्हर बंद झाले. तोच गेम जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय या नावाने परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. बंदी योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद आहे. गावोगावच्या पोरांनी त्यात घातलेला वेळ आणि पैसा मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या हातात होता, हे त्यातून दिसले.

हा केवळ पैशाचा प्रश्न नाही, इतिहासाचाही आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली. तिच्यात असे आढळले की त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. आपल्याकडेही हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ काढला, त्याच वर्षी ‘देसी अड्डा’ आला. त्यांतला आशय आपल्याला पटो वा न पटो, भारतात गेम बनवण्याच्या इतिहासाचे ते पुरावे आहेत. ते जपले जातील ते ज्यांनी डिस्क टाकून दिली नाही त्यांच्यामुळे.

प्रतीचे मोल चळवळीला फार पूर्वी कळले आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षपद दिले आणि भाषणातला मजकूर पाहून परिषदच रद्द केली. व्यासपीठ मंडळाचे होते, ते त्यांनी काढून घेतले. बाबासाहेबांनी तेच भाषण स्वखर्चाने छापले, दीड हजार प्रती काढल्या आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. त्या प्रती परत बोलावणे कोणत्याही मंडळाच्या हाती नव्हते. पुढे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची भीमगीते वस्त्यावस्त्यांत पोहोचली तीही कॅसेटवरून. रेडिओने वाजवले नाही तरी टेपरेकॉर्डर आपला होता, कॅसेट आपली होती. आज ती गाणी मोबाइलवर एका बोटाने मिळतात ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या खात्यावर ती आहेत ते खाते उद्या बंद झाले तर? जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झाले तेव्हा गावाकडच्या कितीतरी कलावंतांचा प्रेक्षक एका रात्रीत गेला. गेमचे जे आज झाले ते उद्या गाण्याचे आणि पुस्तकाचे होऊ शकते.

यावर कुणी म्हणेल की कागद आणि डिस्क तरी कुठे अमर आहेत? खरे आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयाची हजारो पुस्तके कृष्णेच्या पाण्याने गिळली. सीडीला बुरशी लागते, कॅसेटची पट्टी चिकटते. डिजिटल प्रतीला विरोध करणे हा वेडेपणा ठरेल. आक्षेप आहे तो एकाच ठिकाणी, एकाच मालकाच्या ताब्यात सर्व काही असण्याला. पुरात एका वाचनालयातले पुस्तक बुडाले तरी दुसऱ्या गावातली प्रत शाबूत राहते. कंपनीच्या सर्व्हरवरून गेम काढला की तो सर्व गावांतून एकदम जातो.

कायदाही प्रतीला मान देतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार संगणकीय प्रोग्रामची कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला ती खराब होण्याच्या भीतीने राखीव प्रत करता येते. त्याच कलमात, व्यावसायिक नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते, मात्र तिची अ-डिजिटल प्रत त्याच्याकडे असली पाहिजे. म्हणजे हातात मूळ वस्तू असेल तर हक्क आहे, नसेल तर नाही. गेमसाठी तर अशी तरतूदच नाही. पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना देणे १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. गेम त्यात बसत नाही.

ही स्थिती बदलता येते. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्सवर जुन्या डिस्कच्या देवाणघेवाणीला लगाम घालायचे ठरवले. खेळणाऱ्यांनी इतकी ओरड केली की जूनमध्येच कंपनीला माघार घ्यावी लागली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, परवाना विकणाऱ्याने ती खरेदी असल्याचा आव आणू नये, असा कायदा आहे. ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या मोहिमेने युरोपीय संघात जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. पैसे घेऊन विकलेला गेम बंद करताना तो चालू राहील अशी सोय करा, एवढीच त्यांची मागणी आहे.

आपल्या देशात ही मागणी कोण करणार? परवाना विकता तर परवाना म्हणा. सर्व्हर बंद करणार असाल तर विनासर्व्हर चालणारी प्रत द्या. १९५४ च्या कायद्याच्या धर्तीवर भारतात बनलेल्या प्रत्येक गेमची प्रत सार्वजनिक संग्रहात ठेवा. या मागण्या ग्राहक चळवळीच्या आहेत, तशाच त्या आपल्याही आहेत. आणि सरकारची वाट न पाहता करण्यासारखे एक काम माधवनगरपासून कुठल्याही गावात आजच सुरू होऊ शकते. विहाराला जोडलेले वाचनालय असेल तर त्यात एक कपाट जुन्या कॅसेटी, सीडी आणि गेमच्या डिस्कसाठी ठेवा, सोबत त्या वाजवणारे एखादे चालू यंत्र ठेवा आणि वाचनालयाची १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळवा. माळ्यावर पडलेली खोकी भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. त्यात जे आहे ते तुमचे आहे, आणि ते कुणाच्या परवानगीने तुमचे झालेले नाही.