पेरणारा वस्ताद



गावच्या जत्रेत शेवटची कुस्ती सुटली, की सगळ्यांची नजर जिंकलेल्या पैलवानावर असते. हलगी कडाडते, लोक त्याला खांद्यावर घेतात, फेटा बांधतात. पण तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. फेटा बांधून घेण्याआधी तो पैलवान आखाड्याच्या कडेला जातो आणि तिथं उभ्या असलेल्या एका पोक्त माणसाच्या पायाला हात लावतो. तो त्याचा वस्ताद. इनामाच्या यादीत त्याचं नाव नसतं. आज त्याच्याविषयी चार शब्द बोलू.

आपल्या मराठवाड्याला कुस्ती नवी नाही. पहिला महाराष्ट्र केसरी ठरला तो १९६१ साली आपल्याच औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. दिनकर दह्यारींनी तो मान घेतला. त्यानंतर आठ वर्षांनी, १९६९ साली, केसरीच्या कुस्त्या लातूरला झाल्या. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या पोरानं, विशीही पुरी झालेली नसताना, घरच्या मातीत तो किताब घेतला. त्याचं नाव हरिश्चंद्र बिराजदार. दुसऱ्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं देशासाठी सोन्याचं पदक आणलं. पुढं तो रुस्तुम-ए-हिंद झाला. दिल्लीच्या सतपालसारख्या बलदंड मल्लाला त्यानं पाडलं, ती कुस्ती जुनी माणसं अजून सांगतात.

पण मंडळी, पैलवानकीचं वय थोडं. तिशी ओलांडली की गुडघे कुरकुरतात, खांदा उतरतो. तोवर घरानं दूध, तूप, बदाम पुरवलेले असतात, कधी त्यापायी एखादी म्हैस नाहीतर जमिनीचा तुकडाही गेलेला असतो. मेहनत थांबली की तेच अंग सुटतं. मग पुढं काय? कुणी शेतीला लागतो, कुणी जुनी गदा दाखवत पारावर बसतो. बिराजदारांनी तिसरी वाट धरली. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते पोरं घडवायला उभे राहिले.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. स्वतःला डाव येणं वेगळं आणि दुसऱ्याच्या अंगात तो उतरवणं वेगळं. त्यात आपली पोरं मातीतली. मातीत कुस्ती रंगते, दमानं चालते, पाठ लागली की निकाल. परदेशात कुस्ती गादीवर. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, वजनाचे गट ठरलेले आणि गुणांवर हार-जीत. तिथं दम खात उभं राहिलं तर समोरचा गुण घेऊन मोकळा होतो. मातीतल्या पोराला गादीवर चपळ करायचं, वजन राखायला शिकवायचं, हरून आला तर सावरायचं, हे सगळं वस्तादाकडं.

आणि हे केवळ आपल्याकडंच असं नाही. झेक देशात बर्फावरची हॉकी म्हणजे आपल्याकडची कुस्तीच समजा. तिथला इव्हान ह्लिंका हा खेळाडू बिराजदारांसारखाच १९५० साली जन्मलेला. खेळाडू म्हणून तो जगज्जेत्या संघात होता. पण लोकांच्या मनात कायमचा बसला तो प्रशिक्षक म्हणून. १९९८ साली जपानमधल्या नागानो ऑलिंपिकमध्ये त्याच्या हाताखालच्या संघानं अंतिम सामन्यात रशियाला १-० असं हरवलं. आपल्या सतपालचंही तसंच. त्यांचा शिष्य सुशीलकुमार यानं २००८ आणि २०१२ साली ऑलिंपिक पदकं आणली.

आता बिराजदारांच्या पेरणीचं ऐका. लातूर जिल्ह्यातलाच काका पवार त्यांच्या हाताखाली तयार झाला आणि पुढं अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे लहान वयात त्यांच्याकडं आला. पोरगं वाढत होतं, पीक निसवायला आलं होतं, आणि २०११ च्या सप्टेंबरात वस्ताद गेले.

अशा वेळी पोरं तालीम सोडून गावी परततात. राहुल परतला नाही. त्याला काका पवारांनी हाताशी धरलं. एकाच गुरूचे दोघे शिष्य, त्यातला थोरला आता धाकट्याचा गुरू झाला. सात वर्षं गेली. २०१८ साली ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात राहुलनं कॅनडाच्या मल्लाला १५-७ असं हरवून सुवर्ण घेतलं. एडिंबरोत गुरूनं जे आणलं, तेच अठ्ठेचाळीस वर्षांनी शिष्यानं आणलं. ते त्यानं बिराजदारांना अर्पण केलं. बघायला मात्र वस्ताद नव्हते. दुसऱ्या वर्षी जागतिक स्पर्धेतही त्याला कांस्यपदक मिळालं, पुढं तो पोलिस दलात उपअधीक्षक झाला.

पेरणी तिथंही थांबली नाही. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली ती हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात. दोघंही काका पवारांच्याच तालमीतले. हर्षवर्धन जिंकला, आणि त्यानं हरलेल्या शैलेशला आपल्या खांद्यावर उचलून घेतलं. डाव कुणीही शिकवील. ही रीत मात्र चांगल्या तालमीतच अंगी मुरते.

म्हणून आईबापांना एक सांगणं. पोराला तालमीत घालायचं असेल तर भिंतीवरचे फोटो आणि गदा मोजू नका. आधी वस्ताद बघा. सगळ्यात कच्च्या पोराकडं त्याचं लक्ष आहे का? शाळा बुडवली तर तो रागावतो का? दुखापत झाली तर डॉक्टरकडं पाठवतो, की तशीच कुस्ती धरायला लावतो? तिथं गादी आहे का? आणि थोरली पोरं धाकट्यांशी कशी वागतात? या प्रश्नांची उत्तरं पटली, तर खुराकाचा पैसा वाया जाणार नाही. पोरगं केसरी झालं नाही तरी माणूस होईल.

बांधावर आंबा लावणारा म्हातारा फळाची वाट बघत नाही. नातवंडं खातील, एवढं त्याला पुरतं. आपल्या तालमीतही असा कुणी असेल. येत्या जत्रेत पैलवानाला फेटा बांधाल, तेव्हा दुसरा एक फेटा बरोबर ठेवा, आणि आखाड्याच्या कडेला उभ्या असलेल्या त्या माणसाला पुढं बोलवा.